गाणं लिहून झाल्यावरचं काम : नव्या मराठी गीतकारांसाठी

मराठीत गाणी लिहायला लागलेल्या मुलामुलींचे मला फोन येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ताई, मानधन किती मागू?’ तो विचारायलाच हवा, पण आधी दुसरं काहीतरी ठरलेलं असावं लागतं. त्या पैशांच्या बदल्यात आपण नेमकं काय देतोय? हे ठाऊक नसेल तर मोठा आकडाही कमी पडतो, आणि ठाऊक असेल तर पहिल्या गाण्याला थोडं कमी घेतलं तरी बिघडत नाही. मी मालिकांची शीर्षकगीतं, गणपतीची आणि हळदीची गाणी, अधूनमधून सिनेमासाठी लिहिते. नाशिकला राहून, बरंचसं काम फोनवर. या धंद्यात गीतकाराने काय करावं, कोणत्या क्रमाने करावं, ते माझ्या पद्धतीने सांगते.

एका गाण्यात कायद्याच्या नजरेने तीन वेगवेगळ्या मालमत्ता असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, आणि स्टुडिओत तयार झालेलं ध्वनिमुद्रण, ज्याला सगळे ‘मास्टर’ म्हणतात, ही तिसरीच गोष्ट. मास्टर बहुधा पैसे घालणाऱ्याचा असतो. शब्द तुमचे असतात, आणि ते तुमचेच राहतात, जोवर तुम्ही लेखी देऊन टाकत नाही. उद्या त्याच शब्दांना, त्याच चालीत दुसऱ्या कुणी गायलं तर मास्टर नवा झाला, पण शब्दांच्या सातबाऱ्यावर नाव तुमचंच. नव्या मुलांना ‘गाणं कंपनीचं’ असं सरसकट बोलायची सवय लागते, ती आधी मोडा. कंपनीचं काय आणि आपलं काय, हे प्रत्येक गाण्यापुरतं वेगळं विचारायचं.

ही सवय आली कुठून, तेही माहीत हवं. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की निर्मात्याने पैसे देऊन सिनेमासाठी गाणं करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर हक्काचा पहिला मालक निर्माता. तेव्हापासून गीतकाराला एकरकमी पैसे द्यायचे आणि विषय संपवायचा, हीच रीत झाली. गाणी वर्षानुवर्षं वाजत राहिली, लिहिणाऱ्याच्या घरी काही आलं नाही. २०१२ मध्ये कायदा बदलला. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला होता. २१ जून २०१२ पासून दुरुस्ती लागू झाली. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो : सिनेमा चित्रपटगृहात दाखवला जातो तेवढं सोडून गाणं इतर कुठेही वापरलं गेलं, तर त्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकारांचा हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने वाटा असतो, आणि हा वाटा घ्यायचा हक्क त्यांना सोडून देता येत नाही. वारसांना देता येतो, कॉपीराइट सोसायटीकडे, म्हणजे वापराचे पैसे गोळा करून वाटणाऱ्या संस्थेकडे, सोपवता येतो, बाकी कुणाला नाही. तसा करार केलाच तरी तो रद्दबातल. सिनेमाबाहेरच्या सुट्या गाण्यांनाही हे संरक्षण आहे. हे पाठ करून ठेवा, कारण आजही करारात याच्या उलट लिहून येतं.

सिटिंग

आता प्रत्यक्ष काम, म्हणजे संगीतकाराबरोबरची सिटिंग, गाणं घडवण्याची बैठक. आपल्याकडे बहुतेक गाणी चालीवर लिहिली जातात. संगीतकार ‘डमी’ पाठवतो, म्हणजे चालीवर कसलेही अर्थहीन शब्द किंवा नुसतं ‘लालाला’ गाऊन केलेली फाइल. ती आली की लगेच लिहायला बसू नका. आधी मोकळेपणाने मात्रा मोजा, कुठे श्वास आहे ते खुणा करून ठेवा, आणि मुख्य म्हणजे सर्वांत वरचा सूर कोणत्या अक्षरावर येतो ते शोधा. मी एका गाण्यासाठी ओळ लिहिली होती, ‘पाऊस थांबला ओसरीवरी’. कागदावर छान. पण चालीत वरचा सूर शेवटच्या अक्षरावर लांबवलेला होता, आणि ‘री’वर गायिकेचा आवाज चिमटत होता. उंच सुराला ‘आ’ मोकळा मिळतो, ‘ई’ आणि ‘ऊ’ला गळा बंद होतो. शब्द तेच ठेवले, फक्त जागा बदलल्या : ‘ओसरीवरी पाऊस थांबला’. मात्रा अठराच. मधला थांबा दहाव्या मात्रेऐवजी आठव्या मात्रेवर आला, तो संगीतकाराने तबल्याच्या एका तुकड्यात भरून काढला. ‘ला’वर ती सूर हवा तितका ताणू शकली. चालीवर लिहिताना अर्थाइतकंच हे बघायचं असतं. द्रुत जागी जोडाक्षरं टाळा, ओळीच्या शेवटी हलन्त उच्चार टाळा, आणि मुखड्यातला हुक, म्हणजे कानात अडकून राहणारा शब्द, असा निवडा की पाचवीतलं पोरही तो पहिल्यांदा ऐकून म्हणेल.

मुखड्याचे तीन-चार पर्याय द्या, अंतऱ्याचा एकच द्या. मुखड्यावर सगळ्यांची मतं असतात, निर्मात्याच्या मेहुण्याचंही असतं, आणि ते ठीक आहे, कारण मुखडा विकला जातो. अंतऱ्यात मात्र पर्याय दिले की लोक दोन्हीतल्या ओळी उचलून तिसरंच काहीतरी जोडतात आणि विचाराचा धागा तुटतो.

आज मराठी गाण्यांना अमराठी गायक-गायिका पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी कागद वेगळा करावा लागतो. नुसता देवनागरी मजकूर पाठवून भागत नाही, कारण हिंदीत ‘च’ आणि ‘ज’ एकाच प्रकारचे, आपल्याकडे दोन. ‘माझा’ मधला ‘झ’ दाताकडचा, ‘माझी’ मधला टाळूकडचा. ‘चांदणं’ आणि ‘चंद्र’ यांचे ‘च’ वेगळे. ‘जवळ’ आणि ‘जीवन’ यांचे ‘ज’ वेगळे. मी दाताकडच्या प्रत्येक अक्षराखाली लाल टिंब देते, ‘ळ’ला गोल करते, आणि सोबत माझ्या आवाजात, सुराविना, सावकाश वाचलेली फाइल पाठवते. डबिंगला, म्हणजे गायकाचा आवाज ध्वनिमुद्रित होतो तेव्हा, शक्यतो स्वतः बसा. जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर असा. ‘माझा’ चुकीचा म्हटला गेला तर शिव्या गायकाला कमी आणि गीताला जास्त बसतात.

आणि एक छोटी शिस्त. शब्दांचा प्रत्येक खर्डा तारीख टाकून पीडीएफ करून ईमेलने पाठवा, व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्याने नाही. विषयाच्या ओळीत गाण्याचं नाव, ‘खर्डा २’, आणि ‘शब्द :’ पुढे तुमचं नाव. कायद्याने कॉपीराइट लिहिल्या क्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो, साहित्यकृतीला ५०० रुपये शुल्क आहे, आणि अर्जानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मी प्रत्येक गाण्याची नोंदणी करत नाही. शीर्षकगीतासारखं, वर्षानुवर्षं रोज वाजणार असं काही असेल तर करते. बाकीच्यांना तारखेची ईमेल पुरावा म्हणून पुष्कळ होते.

करार

इथे थांबून वाचा. मराठी गाण्याचाही करार बहुधा इंग्रजीत येतो, आणि डबिंगच्या दिवशी, स्टुडिओच्या सोफ्यावर, ‘ताई, इथे एक सही’ म्हणून येतो. त्या दिवशी सही करू नका. निम्मं मानधन मुखडा पास झाल्यावर, उरलेलं डबिंगच्या आधी, आणि करार त्याहून आधी, असं पहिल्या बोलण्यातच सांगून टाकायचं. भांडण न करता सांगितलं की लोक ऐकतात. डबिंग झालं की तुमच्या हातात काही उरत नाही.

कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये हक्क देण्याचे नियम आहेत. हक्क लेखीच द्यावे लागतात, तोंडी दिलेले हक्क दिलेले नसतात. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला काय, हे सगळं कागदावर हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो हक्क तुमच्याकडे परत येतो. या शेवटच्या नियमाचा उपयोग फार जण करत नाहीत. कित्येक सिनेमे अडकतात, गाणी डब्यात पडून राहतात, आणि गीतकार समजतो की शब्द गेले. पण म्हणूनच कंपन्या करारात ‘कलम १९(४) लागू होणार नाही’ अशी ओळ घालतात. ती ओळ शोधा आणि तिच्यावर बोला. निदान दोन वर्षांनी शब्द परत मिळावेत, इतकं तरी मागा.

‘वर्क फॉर हायर’, म्हणजे ‘पैसे देऊन करून घेतलेलं काम पैसे देणाऱ्याचं’, हे शब्द दिसले तर खोडायला सांगा. ही अमेरिकन कायद्यातली कल्पना आहे. आपल्याकडे नोकरीत पगारावर लिहिलेलं काम मालकाचं होतं, म्हणजे जाहिरात कंपनीत नोकरीला असताना लिहिलेली जिंगल, वेगळा करार नसेल तर, कंपनीची. पण तुम्ही घरी बसून, मानधनावर गाणं लिहिताय, तुम्ही नोकर नाही. ‘आज माहीत असलेली आणि पुढे शोधली जाणारी सर्व माध्यमं’ या ओळीबद्दलही तसंच. २०१२ नंतर, जे माध्यम करार करताना व्यवहारात नव्हतं, ते करारात नेमकेपणाने नमूद केल्याशिवाय देता येत नाही. मी माझ्याकडून एक परिच्छेद देते, तो असा :

‘गीतकार सदर गीताच्या शब्दांचे हक्क फक्त या ध्वनिमुद्रणासाठी व त्याच्या चित्रफितीसाठी देत आहेत. शब्द दुसऱ्या चालीत, दुसऱ्या भाषेत अथवा जाहिरातीत वापरण्यासाठी वेगळी लेखी परवानगी व वेगळे मानधन राहील. कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराला मिळणारा रॉयल्टीचा वाटा आणि गीतकाराने कॉपीराइट सोसायटीकडे सोपवलेले हक्क यांना या कराराने बाधा येणार नाही. प्रत्येक माध्यमात गीतकाराचे नाव संगीतकाराच्या नावाइतक्याच ठळकपणे दिले जाईल.’

सगळं मान्य होत नाही. जाहिरातीचं वाक्य मात्र मी सोडत नाही, कारण गाण्यातली सर्वांत मोठी रक्कम कधी येईल तर तिथूनच येते. नावाचं वाक्यही सोडत नाही. कलम ५७ प्रमाणे, हक्क विकून टाकले तरी लेखक म्हणून ओळख सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. माझं एक गणपतीचं गाणं यूट्यूबवर गीतकाराच्या नावाविना चढवलं गेलं होतं. वकिलाची नोटीस लागली नाही. हे कलम आणि माझ्या तारखेच्या ईमेल जोडून दोन ओळी पाठवल्या, आणि नाव लागलं.

आयपीआरएस

गीतकारांनी सर्वांत जास्त टाळलेलं आणि सर्वांत जास्त उपयोगाचं काम हे आहे. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजेच आयपीआरएस, १९६९ पासून आहे. गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक (शब्द-चालीचे हक्क घेतलेली कंपनी) तिचे सदस्य. नव्या कायद्यानुसार तिची कॉपीराइट सोसायटी म्हणून नोंदणी नोव्हेंबर २०१७ मध्ये झाली. रेडिओ, वाहिन्या, हॉटेलं, कार्यक्रम, यूट्यूब, स्पॉटिफायसारख्या सेवा, यांच्याकडून ती शब्द आणि चाल यांच्या वापराचे पैसे घेते आणि वाटते. फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही वेगळी, ती मास्टरवाल्यांची. गायकांची पुन्हा तिसरीच संस्था आहे. नवीन माणूस या तिघांत गोंधळतो आणि चुकीच्या दारात अर्ज घेऊन उभा राहतो. शब्द लिहिणाऱ्याचं दार आयपीआरएस.

सदस्य व्हायला प्रकाशित झालेलं काम, पॅन, पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश लागतो, अर्ज ऑनलाइन होतो. सदस्य झालात की एक आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो, आयपीआय. इथे एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून करा : इंग्रजी अक्षरांत तुमच्या नावाचं स्पेलिंग एकच ठरवा. पॅनवर एक, यूट्यूबवर दुसरं, वितरकाच्या (गाणं स्पॉटिफायसारख्या सेवांवर पोहोचवणाऱ्याच्या) अर्जात तिसरं, असं झालं की संगणकाला ती तीन माणसं दिसतात आणि पैसे कुणाच्याच खात्यात जात नाहीत. टोपणनावाने लिहीत असाल तर ते टोपणनावही नोंदवा.

सदस्यत्व ही अर्धीच गोष्ट. प्रत्येक गाणं वेगळं नोंदवावं लागतं. गाण्याचं नाव, लोक ज्या नावाने ओळखतात ते पर्यायी नाव (हे महत्त्वाचं, कारण पोरं मुखड्याच्या दोन शब्दांनी गाणं शोधतात), गीतकार, संगीतकार, प्रकाशक, गायक, आणि आयएसआरसी क्रमांक. हा बारा चिन्हांचा क्रमांक ध्वनिमुद्रणाला मिळतो, तो कंपनीकडे किंवा वितरकाकडे असतो. मानधनाच्या शेवटच्या हप्त्याबरोबर तो मागून घ्या, नंतर कुणी फोन उचलत नाही. वाटणी साधारण अशी असते : निम्मं प्रकाशकाला, पाव संगीतकाराला, पाव गीतकाराला. स्वतंत्र गाणं असेल, प्रकाशकच नसेल, तर गीतकार आणि संगीतकार निम्मं-निम्मं. दोघांनी मिळून शब्द लिहिले असतील तर सिटिंगमधून उठण्याआधी एका कागदावर टक्के लिहा आणि दोघांनी सही करा. मैत्री टिकवायचा याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही.

स्वतंत्र गाणी करणारी मुलं वितरकाच्या संकेतस्थळावर स्वतःच फाइल चढवतात. ‘गीतकार’ची चौकट रिकामी दिसली की तिथे घाईत गायकाचं नाव टाकून मोकळी होतात. गाणं बाहेर जाण्याआधी त्या पानाचा फोटो मागवा. प्रकाशित झाल्यावर स्पॉटिफायवर गाण्याच्या श्रेयनामावलीत स्वतःचं नाव बघा, पहिल्याच आठवड्यात. नंतर दुरुस्ती होते, पण महिने जातात.

मालिकेसाठी लिहीत असाल तर ‘क्यू शीट’ हा शब्द शिका. कोणत्या भागात कोणतं संगीत किती सेकंद वाजलं, त्याची यादी. शीर्षकगीत रोज वाजतं, पुनःप्रक्षेपणात वाजतं, आणि प्रत्येक वेळी तो वापर असतो. निर्मितीसंस्थेत ही यादी कोण करतं ते विचारून त्यात आपलं नाव आहे याची खात्री करा. एफएम रेडिओच्या बाबतीत २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की ध्वनिमुद्रण वाजवलं तरी त्यातल्या शब्दांचे आणि चालीचे पैसे वेगळे द्यावेच लागतात. आमच्यासाठी तो मोठा दिवस होता.

हळदीच्या गाण्यांबद्दल एक सांगायला हवं, कारण आज मराठीत सर्वांत जास्त मागणी त्यांना आहे. कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभही येतात. म्हणजे तुमचं गाणं गावोगावच्या मांडवात डीजेवर वाजलं, तरी तिथून रॉयल्टीची आशा ठेवू नका. त्या गाण्याची कमाई यूट्यूब, रील्स आणि ऐकण्याच्या अॅपवर. म्हणून हळदीच्या गाण्याच्या करारात डिजिटल वाट्याचं वाक्य जितकं नीट, तितकं चांगलं.

हंगाम सांभाळा. गणपतीची गाणी आषाढाच्या आत लिहून व्हायला हवीत, श्रावणात बाजारात. हळदीची तुळशीच्या लग्नाआधी. भीमगीतांचं काम जानेवारीत सुरू होतं, १४ एप्रिलला ती वस्तीवस्तीत वाजतात. उशिरा आलेलं काम घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण घाईच्या कामाला दर वेगळा आणि पूर्ण पैसे आधी.

जुन्या ओळी वापरताना

‘ताई, पारंपरिक मुखडा आहे, अंतरे तुम्ही लिहा’ अशी कामं खूप येतात. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, वर्षअखेरीपर्यंत मोजून. तुकोबांचे अभंग सर्वांचे. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या कविता मोकळ्या. गदिमा डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत वारसांचे. आणि शब्द मोकळे असले तरी चाल मोकळी असेलच असं नाही : अभंग सतराव्या शतकातला, पण जी चाल तुमच्या कानात आहे ती गेल्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते. कोळीगीतं आणि लग्नातली गाणी यांत तर जास्तच जपावं लागतं. लोक पारंपरिक समजतात त्यातल्या कित्येकांना नावानिशी गीतकार आहे. जुन्या तबकडीचं लेबल, कॅसेटचं इनले कार्ड शोधा, गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. नाव सापडलं तर परवानगी घ्या आणि ते नाव गाण्याला लावा, तुमच्या नावाच्या आधी. नाही सापडलं तर ‘मुखडा : पारंपरिक, अंतरे :’ असं लिहून तेवढाच हिस्सा नोंदवा. अख्खं गाणं आपल्या नावावर टाकलं तर उद्या तोच मुखडा घेऊन गाणाऱ्या एखाद्या गोंधळी मंडळींच्या व्हिडिओवर तुमच्या कंपनीचा दावा लागतो, आणि ज्यांच्याकडून ती ओळ आपल्यापर्यंत आली त्यांचंच गाणं बंद पडतं. हे मी कुणाला करू देत नाही.

वर्षातून दोनदा, मी दिवाळीनंतर आणि मार्चअखेरीला करते, आयपीआरएसचं रॉयल्टीचं विवरण आणि स्वतःची गाण्यांची वही शेजारी ठेवून बसा. वहीत आहे पण विवरणात नाही, अशा गाण्यांवर खूण करा. त्यातली काही वाजलीच नसतील. बाकीच्यांत नावाचं स्पेलिंग, सुटलेला आयएसआरसी किंवा न झालेली नोंदणी, यांतलं काहीतरी एक निघतं. ईमेल करा, त्यांचा तक्रार क्रमांक वहीत त्या गाण्यासमोर लिहा. आणि अर्जातलं नामनिर्देशन भरलंय ना ते बघा : आपल्यामागे ६० वर्षं हे पैसे येत राहणार आहेत, ते कुणाकडे जायचे ते नाव आजच लिहून ठेवा आणि त्या माणसाला वही कुठे आहे ते सांगा.